बिल्डरनं दिलेला इसार

घर विकायला बसलेला माणूस "पैसे आता नका देऊ" म्हणाला, तेव्हा माझ्या मनात आलं की या इमारतीत नक्की काहीतरी काळंबेरं आहे. नर्सच्या नोकरीत माझं निम्मं आयुष्य गेलं. फार गोड बोलणारा पेशंट गोळी उशीखाली लपवतो, हे मी तिथं शिकले होते, आणि बिल्डर तर पेशंटपेक्षा तयारीचा. माझा नवरा मात्र कोणावरही विश्वास ठेवतो. त्यानं लगेच मान डोलावली आणि तुम्ही म्हणाल तसं, असं सांगून टाकलं. मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

हा बिल्डर म्हणजे काही मोठं प्रस्थ नव्हतं. चाळिशीचा, उन्हानं रापलेला, कळवणकडच्या शेतकरी घरातला. आधी तो लोकांची शेततळी खोदून द्यायचा, मग कांदा साठवायच्या चाळी बांधायला लागला, आणि तिथून नाशकात येऊन लहान इमारतींपर्यंत पोचला. माझ्या नवऱ्याचं नाशकातल्या द्वारका चौकाजवळ गाड्यांच्या बॅटऱ्यांचं दुकान आहे. बिल्डरच्या पिकअपची बॅटरी सारखी तिथं यायची, आणि ती चार्ज होईपर्यंत दोघांच्या गप्पा चालायच्या. त्या गप्पांतून कळलं की देवळाली कॅम्पाकडे जाणाऱ्या रस्त्याला, आत एका गल्लीत, त्याची इमारत तयार झाली आहे आणि तळमजल्यावरचं एकच घर विकायचं राहिलं आहे. तळमजला म्हटलं की लोक नाक मुरडतात. डास येतात, येणारा-जाणारा खिडकीतून डोकावतो, अशा तक्रारी असतात. आम्हाला मात्र तळमजलाच हवा होता, आणि तो सासूबाईंसाठी हवा होता.

सासूबाईंचं वय तेव्हा ऐंशीच्या पुढे. गावाकडे सत्तरीपर्यंत शेतात राबलेली बाई. पुढे गुडघे गेले. हृदय कमजोर म्हणून डॉक्टर ऑपरेशनला तयार होईनात. आमचं भाड्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, तेही लिफ्ट नसलेल्या इमारतीत. त्या वर आल्या त्या वरच राहिल्या. खाली न्यायचं तर खुर्चीत बसवून चौघांनी उचलायचं, आणि त्यांना तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "तिरडीवाणी नेता मला," असं म्हणून त्यांनी खाली जाण्याचं नावच टाकलं. दिवसभर गॅलरीत बसून चौकातली वाहतूक बघायच्या. कोणता ट्रक कांद्याचा आणि कोणता द्राक्षांचा, हे त्यांना वरून कळायचं. कुठं कोण चुकीचा घुसला तर त्याला तिथूनच शिव्या घालायच्या. खाली त्या कोणाला ऐकू जात नव्हत्या हे बरं.

एकदा त्यांचे गुडघे चोळत असताना मी सहज विचारलं की आई, तुम्हाला काय हवंय, मी निवृत्त झाले की घेऊ. मला वाटलं लुगडं सांगतील, नाहीतर एखाद्या देवाला जाऊन यायचं म्हणतील.

"मला काय पायजे," त्या म्हणाल्या. "जमिनीला पाय लागला नाय लय दिवस झाले. तेवढं एक."

त्यानंतर मी जिना चढताना प्रत्येक वेळी त्या जिन्यावर चिडायचे.

म्हणून हे तळमजल्याचं घर बघायला गेलो तेव्हा मी खोल्या नीट पाहिल्याच नाहीत. सरळ स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं. बाहेर एकच बुटकी पायरी, आणि पायरीखाली कुंपणापर्यंत मातीची पट्टी. बांधकामातले विटांचे तुकडे आणि वाळू पडलेली, पण माती. मी तिथं उभी राहून नवऱ्याला म्हटलं की हेच. घर आवडल्याचं विकणाऱ्यासमोर दाखवायचं नाही, हे त्यालासुद्धा माहीत आहे. पण मीच बोलून बसले.

आणि मग साइटवरच्या ऑफिसात बसल्यावर तो बिल्डर म्हणाला की पैसे आता नका देऊ.

कारण त्यानंच समजावलं. इमारतीला रंग झाला होता, लिफ्ट चालत होती, नळाला पाणी होतं. पण महापालिकेचा पूर्णत्वाचा दाखला यायचा होता. बाजारात त्याला सगळे कम्प्लिशन म्हणतात. तो दाखला यायच्या आधी घर विकलं, तर सरकारच्या लेखी बिल्डर तुम्हाला बांधकाम करून देतो आहे, म्हणून त्याच्यावर जीएसटी. दाखला आल्यावर विकलं, तर ती तयार घराची विक्री, तिच्यावर जीएसटी नाही. विटा त्याच, भिंती त्याच, खिडकीचा न लागणारा बोल्टसुद्धा तोच. मधे फक्त एक कागद. वरच्या मजल्यांवरच्या लोकांनी बांधकाम चालू असतानाच घरं घेतली होती, त्यांनी तो टॅक्स भरला होता. स्वस्तातल्या लहान घरांना एकच टक्का लागतो, पण आमचं घर त्या मर्यादेच्या जरासंच वर गेलेलं, म्हणून पाच टक्के.

पाच टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. माझा निवृत्तीचा फंड आणि नवऱ्याची शिल्लक मिळून घराची किंमत आणि नोंदणीचा खर्च जेमतेम जुळत होता. घर फक्त बायकांच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात टक्काभर सवलत मिळते, म्हणून ते माझ्या आणि सासूबाईंच्या नावावर करायचं ठरलं होतं. इतकी आमची ओढाताण. नवरा तेव्हापासून स्वतःला पाहुणा म्हणवून घेतो. त्यात हे पाच टक्के वाढले असते तर ते घर आमच्या हातून गेलं असतं, आणि आमच्या वयाला कर्ज द्यायला कोणी बसलेलं नव्हतं.

"आणि थोडे पैसे आधी, बाकीचे नंतर, असंही चालत नाही," तो म्हणाला. "तुमचा एक रुपया जरी मी दाखल्याआधी घेतला ना सिस्टर, तर सगळ्या किमतीवर टॅक्स बसतो. थांबा. घर तुमचंच आहे."

मी विचारलं की दाखला आल्यावर दर वाढवणार का. पुष्कळ जण तेच करतात. टॅक्स वाचला म्हणून ग्राहक खूश आणि तेवढीच किंमत वाढवली म्हणून बिल्डर खूश. तो नाही म्हणाला. का नाही, ते सांगितलं नाही. कागदावर काही नव्हतं, पैसे दिलेले नव्हते, आणि तरी घर आमचं. वॉर्डात आम्हाला शिकवलेलं होतं की जे लिहिलं नाही ते घडलंच नाही.

घरी सासूबाईंना सगळं सांगितलं. मागचं दार, पायरी, माती. त्यांनी दोनदा विचारलं की पायरी किती उंच आहे. मी हातानं दाखवली. मग त्या म्हणाल्या की आखाजी जवळच आली आहे, त्या दिवशी इसार देऊन टाका.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. कळवण-बागलाणकडे त्या दिवसाला दिवाळीइतका मान. त्या दिवशी घेतलं ते सरत नाही, ही तिकडची श्रद्धा. सासूबाईंच्या माहेरी बैल असो की विहिरीची मोटार, सौदा ठरला की इसार आखाजीलाच जायचा. इसार म्हणजे सौदा पक्का केल्याची थोडी रक्कम. ती घेतली की विकणारा बांधला गेला, आणि ती परत आली की सौदा मोडला. यात सासूबाईंच्या मनात तिसरी शक्यता नव्हती.

मी त्यांना जीएसटी समजावून सांगायला बसले. माझ्या नोकरीत मी अडाणी माणसालाही इन्सुलिन टोचायला शिकवलं आहे, पण इथं माझे हात टेकले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "माझ्या आखाजीचं सरकारला काय पडलंय?" मी ठामपणे नाही म्हटलं आणि नवऱ्यालाही बजावलं. तो म्हणाला की हो हो, कळलं.

आखाजीच्या सकाळी मी पुरण वाटत होते. नवरा दुकानाची पूजा करून येतो म्हणून बाहेर पडला. तो दुकानात गेला, पूजाही केली, आणि तिथून सरळ बिल्डरच्या साइटवर गेला. आईला नाही म्हणणं त्याला साठीतही जमलेलं नाही. सासूबाईंनी त्याला सकाळी हळूच जवळ बोलावून, आपल्या कनवटीचे पैसे देऊन पाठवलं होतं. बिल्डर साइटवर नव्हता. रोख ठेवायची कोणाकडे, म्हणून या शहाण्या माणसानं काय करावं? ऑफिसातल्या टेबलाच्या काचेखाली एक क्यूआर कोड होता, वरच्या मजल्यांवरची मंडळी त्यावर आपले हप्ते भरायची. यानं मोबाइल काढला आणि अकराशे एक रुपये थेट कंपनीच्या खात्यात पाठवले. एरवी हा माणूस पैसे पाठवताना शेरा म्हणून कधी एक अक्षर लिहीत नाही. त्या दिवशी त्यानं सावकाश टाइप केलं, "तळमजला फ्लॅट इसार, आखाजी मुहूर्त." मग तो हसतमुखानं घरी आला आणि पुरणपोळी जेवला.

मला कळलं ते दुपारी, बिल्डरच्या फोनवरून. सिस्टर, हे काय केलं काकांनी, एवढंच तो म्हणाला आणि मला सगळं समजलं. पैसे खात्यात आले, तारखेसह आले, कशासाठी आले तेही आमच्याच हातानं लिहून आले. त्याच्या सीएनं सांगितलं होतं की अजून करार नाही, बुकिंग घेतलेलं नाही, तेव्हा ही रक्कम चुकून आली असं धरून आजच्या आज त्याच खात्यात परत करा, आणि दाखला येईपर्यंत या माणसाकडून पुन्हा काही घेऊ नका. त्यानं पैसे परत पाठवले होते. सुटलो आपण, म्हणाला.

माझा जीव भांड्यात पडला, आणि तेवढ्यात नवऱ्याचा मोबाइल वाजला. पैसे जमा झाल्याचा संदेश. तो मोबाइल बघून त्याचा चेहरा उतरला, आणि सासूबाईंना डोळ्यांनी कमी दिसत असलं तरी लेकाचा चेहरा बरोबर दिसतो. त्यांनी विचारलं काय झालं. त्यानं सांगून टाकलं. खोटंही याला कधी वेळेवर सुचत नाही.

मी दोघांनाही बोलले. सणाच्या दिवशी बोलू नये तेवढं बोलले. कष्टाचा फंड, पाच टक्के, क्यूआर कोड, मुहूर्त, सगळ्याचा उद्धार केला. माझं सगळं संपल्यावर सासूबाई म्हणाल्या, "इसार परत आला. आता मी त्या घरात पाय ठेवायची नाय."

मला वाटलं रागानं बोलतात. पण त्यांचा आवाज अगदी साधा होता. त्यांनी आपली खुर्ची वळवली आणि रस्त्याकडे तोंड करून बसल्या. ताटातला आमरस तसाच राहिला. ज्यांच्यासाठी तळमजला हवा होता त्याच येणार नसतील तर आम्हाला तो घेऊन काय करायचं होतं? त्यांना अंगठा लावायला भाग पाडता आलं असतं, खुर्चीत बसवून नेताही आलं असतं. पण ज्याचा सौदा मनात मोडला त्या घरात ही बाई जगली नसती, हे मी इतकी वर्षं माणसं बघून सांगू शकत होते. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. नवरा दुकान उघडायला गेला. आखाजीच्या दुपारी, जेव्हा त्याच्या ओळीतली सगळी दुकानं बंद असतात.

दुकानात बसून त्यानं बिल्डरला फोन केला असणार. कारण दिवेलागणीच्या आधी बिल्डर आमचे तिन्ही जिने चढून दारात उभा होता, अंगावर सणाचे कपडे, हातात पिशवी. घरची पाहुणेमंडळी सोडून आला होता. मी पाणी दिलं. तो खुर्चीवर बसला नाही. गॅलरीत सासूबाईंच्या पायाशी फरशीवर मांडी घालून बसला. माझ्याशी तो शहरी बोलायचा; त्यांच्याशी बोलताना त्याची भाषा बदलली.

"मावशी, मी पैसे माघारी दिले. शब्द नाय दिला माघारी," तो म्हणाला.

सासूबाई रस्त्याकडेच बघत होत्या. "इसार नाय तर शब्दाला धरायचं कुठं?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं आता हा पुन्हा जीएसटी समजावायला लागणार आणि सगळं वाया जाणार. त्यानं पिशवीतून एक नारळ काढला. मग खिशात हात घालून एक रुपयाचं नाणं काढलं आणि नारळावर ठेवलं.

"मावशी, मी घेतलं तर टॅक्स हाय. मी दिलं तर टॅक्स नाय. म्हणून औंदा इसार मी देतो. तुमचं घर मी दुसऱ्याला दिलं, तर ह्यो रुपया चारचौघांत माझ्या तोंडावर फेका."

सासूबाईंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. विकणारा इसार देतो, हे त्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मीही नाही. त्या बराच वेळ त्या नारळाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं की आखाजीचा दिवस मावळला का. मी म्हटलं, नाही आई, ऊन आहे अजून. त्यांनी पदर पसरला. त्यानं नारळ आणि रुपया त्यात ठेवला आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. सुजलेल्या त्या पायांवर, ज्यांना मी रोज तेल लावायचे. मला तो माणूस तेव्हा इतका आवडला की मी आत जाऊन त्याच्यासाठी ताट वाढलं, आणि नको नको म्हणत असताना तीन पोळ्या घातल्या.

आता सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. पण दाखला लांबला. त्यात दोष बिल्डरचाच होता. आवारात झाडं लावलेली असायला हवीत असा नियम. यानं रोपं लावली खरी, पण उन्हाळ्यात त्यांना पाणी घालायला माणूस ठेवला नाही. तपासणीला लोक आले तेव्हा तिथं वाळलेल्या काड्या उभ्या होत्या. रोपं पुन्हा लावा, जगवून दाखवा, मग बघू, असं झालं. शेततळी खोदलेला माणूस आणि रोपांना पाणी नाही. हे मी त्याला तोंडावर म्हटलं. त्यानं ऐकून घेतलं.

त्याच दिवसांत मी एकदा साइटवर गेले तर आमच्या घराच्या दाराशी एक डॉक्टर टेप घेऊन मापं घेत होते. दाताचे डॉक्टर. दवाखान्यासाठी तळमजला हवा, पार्किंग समोर, रस्ता जवळ, अगदी मनासारखी जागा, असं तेच मला उत्साहानं सांगत होते. त्यांना टॅक्सची अडचण नव्हती, थांबायची तयारी नव्हती, आणि चेकबुक बरोबर होतं. मी कोण ते मी सांगितलं नाही. सांगणार तरी काय? माझ्याकडे त्या घराचा कागदाचा एक चिटोरा नव्हता.

घरी आले ती तणतणतच. सासूबाईंना म्हटलं की मी उद्या जाऊन त्याच्याकडून चार ओळी लिहून घेते. साध्या कागदावर, पैशांचा उल्लेख न करता. माझ्या मनाला तेवढाच आधार. त्यांनी कमरेच्या पिशवीतून तो रुपया काढून मला दाखवला. त्याला हळद-कुंकू लागलेलं होतं.

"हा हाय ना," त्या म्हणाल्या. "आता वर लिहून मागितलं तर त्याला वाईट वाटंल."

मी गेले नाही. ते दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. फोन वाजला की हातातलं काम टाकून मी धावायचे. सासूबाई मात्र निवांत. गॅलरीतून ट्रकवाल्यांना शिव्या घालायचं काम त्यांनी पुन्हा सुरू केलं होतं, आणि मधेच मला विचारायच्या की त्या मातीत काय येईल. मी म्हणायचे की आधी घर तर येऊ द्या.

घर आलं. रोपं जगली, दाखला मिळाला, आणि त्याच दिवशी बिल्डरनं फोन करून खात्याचा नंबर पाठवला. ठरली होती तीच किंमत. सगळे पैसे दाखल्याच्या तारखेनंतर गेले, बँकेतून, एकदम. टॅक्स शून्य. नोंदणीच्या दिवशी सासूबाईंना खुर्चीतून खाली न्यावंच लागलं, पण त्या दिवशी त्या तिरडीचं बोलल्या नाहीत. खुर्ची उचलणाऱ्यांना सूचना देत होत्या. अंगठा लावायची वेळ आली तेव्हा त्यांनी शाई जरा जास्तच लावून घेतली.

राहायला गेलो त्या सकाळी मी सामानाकडे बघितलं नाही. सासूबाईंना धरून मागच्या दाराशी नेलं. एका बाजूला मी, एका बाजूला त्यांचा लेक. त्यांनी चप्पल काढली. पायरी उतरायला त्यांना खूप वेळ लागला, आम्ही कोणी घाई केली नाही. मग पाय मातीला लागला. त्यांनी बोटं हलवून माती जरा उकरली आणि तशाच उभ्या राहिल्या. कॅम्पाकडे लष्कराचा तोफांचा सराव चालू होता, एक बार झाला आणि खिडकीची काच थरथरली. त्या दचकल्या नाहीत. म्हणाल्या, "गार हाय."

नवरा रडत होता. त्याला रडायला काही लागत नाही, पण त्या वेळी मीही रडले, आणि कोणापासून लपवलं नाही.

पुढची गोष्ट मला कधी कळलीच नसती, पण माझी दाढ दुखायला लागली. जवळचा दवाखाना म्हणून गेले तर तेच डॉक्टर. त्यांना पुढच्या गल्लीत जागा मिळाली होती. मला खुर्चीत आडवं करून, तोंडात नळी घालून, त्यांनी कुठं राहता म्हणून विचारलं. नर्स असल्यानं मला माहीत आहे की डॉक्टर नेमके अशाच वेळी प्रश्न विचारतात. मी हातानं दिशा दाखवली. त्यांनी ओळखलं.

मग दाढेचं काम करता करता ते सांगत राहिले. ते घर त्यांनी किंमत वाढवून मागितलं होतं, जीएसटी वेगळा भरून, सगळे पैसे एकदम. एकदा नाही, परत गेले होते. तेव्हा बिल्डरच्या डोक्यावर बँकेचं व्याज चढत होतं, हे त्यांना बाहेरून कळलं होतं, म्हणून ते खात्रीनं गेले होते. तो म्हणाला की त्या घराचा इसार झालाय. यांनी विचारलं की किती घेतलास, मी त्याच्या दुप्पट देतो, त्यांचे त्यांना परत कर.

"तर तो म्हणतो, घेतला नाही, दिलाय," डॉक्टर म्हणाले. "मला काही कळलंच नाही हो. तुम्हाला कळलं का?"

माझं तोंड उघडं, आत कापूस, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दुखतंय का म्हणून त्यांनी घाईनं यंत्र बंद केलं. मी मान हलवली. त्यांना काय समजलं कोण जाणे, त्यांनी इंजेक्शन अजून थोडं दिलं.

घरी येताना अर्धा गाल बधिर होता. गल्लीच्या तोंडाशी बिल्डरची पिकअप दिसली, नव्या साइटची वाळू भरलेली. त्याला थांबवून काहीतरी बोलावं असं फार वाटलं. व्याजाचं त्यानं आम्हाला कधी सांगितलं नव्हतं, डॉक्टरांचंही नाही. रोपांवरून मी त्याला फाडून खाल्लं होतं तेव्हासुद्धा तो गप्प राहिला होता. पण त्या गालानं धड शब्द उमटला नसता. मी नुसता हात केला. त्यानंही केला आणि गेला.

या वर्षीच्या आखाजीला त्याला जेवायला बोलावलं. सासूबाई मागच्या पायरीवर बसल्या होत्या, पाय मातीत. आता तिथं त्यांनी मेथी केली आहे, एक शेवगा लावला आहे, आणि त्या शेवग्याला पाणी घातलं का म्हणून दिवसातून चारदा मला विचारतात. बिल्डर त्यांच्या शेजारी जमिनीवर बसला. जेवण झालं. मला आभार मानायचे होते, डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं बोलायचं होतं, मी मनात वाक्यंही जुळवली होती. त्याआधी तोच सासूबाईंची चेष्टा करायला लागला.

"मावशी, घर झालं, खरेदी झाली, वर्ष झालं. माझा रुपया तेवढा द्या की माघारी."

सासूबाईंनी कमरेच्या पिशवीवर हात ठेवला, कोणी ओढून नेईल अशा भीतीनं.

"नाय देणार," त्या म्हणाल्या. "इसार माघारी दिला की सौदा मोडतो. मला आता हितंच ऱ्हायचंय."

तो हसायला गेला, पण त्याला हसू आलं नाही. त्यानं मान खाली घातली आणि पायाजवळची माती हातानं सारखी करत बसला. मी जुळवलेली वाक्यं तशीच राहिली. मी आत गेले आणि त्याच्यासाठी अजून थोडा आमरस घेऊन आले.